लोटाभर माया

कोठेकर गुरुजींनी नागपूरहून ती कुंडी आणली आणि चांद्याच्या आमच्या शाळेत विद्यार्थ्यांची किंमत एकदम उतरली. कुंडीतलं झाड म्हणे मादागास्कर बेटावरच्या डोंगरातलं, आपल्या पानफुटीची दूरची बहीण. पानं लांबट, गुबगुबीत आणि काठाला करवतीसारखे दाते. गुरुजी त्याचं लॅटिन नाव घेत, तेव्हा त्यांची मान आपोआप ताठ होई.

आमच्या वर्गातल्या वच्छलाचा जीव त्या झाडात अडकला, त्याला कारण होतं. नववीत मुलांना वनस्पतिशास्त्र आणि मुलींना शिवणकाम, ही वाटणी बहुधा ब्रह्मदेवानेच करून ठेवली होती. वच्छला उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मले वनस्पतिशास्त्रात बसू द्या ना."

"मुलींना काय करायचंय ते? भाजी निवडता येते ना?"

"येते जी. म्हनूनच तर म्हनून राह्यली."

वर्ग हसला. गुरुजी नाही हसले. "बरं! दिवाळीनंतर तपासनीस साहेब येणार आहेत. तोवर हे झाड जगवून दाखव. जगलं तर वनस्पतिशास्त्र, मेलं तर सुईदोरा. आणि ऐक, सकाळ-संध्याकाळ एकेक लोटा पाणी. खंड पडता कामा नये."

वच्छलाने पान हळूच दाबून पाहिलं. "पन गुरुजी, याच्या पानातच पानी भरून हाये. ज्याच्या घरात विहीर, त्याले नदीवर काऊन धाडता?"

"बी.एस्सी. मी आहे की तू?"

गुरुजींची पदवी नागपूरची होती, पण हात कुरखेड्याच्या धानाच्या बांधीतले, भातखाचरातले. त्या मुलखात धानाचा परहा, म्हणजे कोवळं रोप, चिखलात उभा राहिला की हसतो, म्हणून जो उभा दिसेल त्याला पाणी पाजायचं. पाहुणा आला, पाणी. पोरगं रडलं, पाणी. मादागास्करचा डोंगर आला, त्यालाही पाणी! वर्गातली मुलंही येता-जाता पुण्य जोडू लागली.

शिंप्याची नसीम वच्छलाच्या बाकावरची. ती म्हणाली, "वच्छे, तुया झाडाले बसाले डोंगा आनून दे. पोहून पोहून थकलं बिचारं."

वच्छला आपल्या वाटणीचा लोटा गुपचूप खिडकीबाहेर ओतायची. बाहेरच्या गवताचं त्या वर्षी चांगलंच फावलं. पण कुंडीतली माती जरा सुकलेली दिसली की गुरुजी स्वतः दोन लोटे ओतीत.

एके दिवशी उपरण्याने पानावरची धूळ पुसता पुसता त्यांच्याच हातून एक पान तुटलं. "फेकून दे," ते म्हणाले. वच्छलाने ते भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं, मोरपिसाशेजारी. ते मोरपीस तिसरीपासून खडूचा चुरा खात होतं आणि अजून एकही पिल्लू द्यायला तयार नव्हतं.

दिवाळी झाली. झाडाचं खोड बुडापासून काळं पडलं, पानं उकडलेल्या वांग्यासारखी झाली आणि साहेब येण्याच्या आदल्या दिवशी मादागास्करने मान टाकली.

"मेलं," गुरुजी म्हणाले. "उद्यापासून सुईदोरा आण."

नसीमने धीर दिला, "रडू नको. शिवनात मी पयली येतो, तू दुसरी ये." वच्छलाने तोंड लपवायला भूगोल उघडला आणि तोंड लपवायचं विसरलीच. तुटलेल्या पानाच्या काठावर, एकेका दात्याच्या खाचेत, इवलं इवलं झाड बसलं होतं. दोन-दोन पानं, खाली दोऱ्यासारखी मुळं. ना माती, ना लोटा!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कुंडी कपाटामागे गेली होती.

"ते परदेशी झाड कुठे आहे?"

"साहेब, ते जरा विश्रांती घेतंय," गुरुजी म्हणाले.

वच्छला पुस्तक घेऊन पुढे आली. साहेबांनी पान पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हा आमचाच प्रयोग!" गुरुजींनी लगेच जाहीर केलं.

"वा! आणि पाणी किती देता?"

"सकाळ-संध्याकाळ एकेक लोटा!" सवय ती सवय.

साहेबांनी कोरड्या पुस्तकावरून बोट फिरवलं. "भूगोलाला?"

वर्गात हशा फुटला. वच्छलाला मात्र हसायला वेळ नव्हता. "थेंबभर नाई साहेब. डोंगराच्या खडकावर पानी टिकत नसन, म्हनून हे आपलं पानी पानातच ठेवते. त्याच्यावरच लेकरं पोसली यानं. कुंडीतलं बुडून मेलं." मग तिने गुरुजींकडे पाहिलं. "गुरुजी, तुमी म्हनले होते, झाड जगलं तर. हे तेच झाड हाये जी."

"मुलगी वनस्पतिशास्त्रात आहे ना?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी कपाटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "अर्थात! मीच तर बसवलंय."

दुसऱ्या दिवशी वच्छला मुलांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली. गुरुजींनी नव्या कुंडीत ती लेकरं लावली आणि मायेने हात मागे नेला. लोटा जागेवर नव्हता.

तो नसीमने शिवणवर्गात नेला होता. सुया सुकून राह्यल्या होत्या म्हणे.