चतुराबाईंच्या आडाचं पाणी

थांबा मित्रांनो, वाकून पाहू नका. जाळीतून वास येतो, डोकं भणभणतं. मी एक जुना आड आहे, माजलगावकडच्या, सिंदफणेकाठच्या एका गावातला. एके काळी माझ्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजायची. आता माझी गोष्ट जरा लांबूनच ऐका.

मला खोदलं आश्रुबांनी आणि त्यांच्या बायकोने, चतुराबाईंनी. गावच्या विहिरीत आमच्या बौद्ध वस्तीला घागर बुडवू देत नसत. कुणीतरी वरून ओतेल म्हणून बायका उन्हात ताटकळायच्या. शेवटी आश्रुबांनी पहार उचलली. ते खाली खणत, चतुराबाई वरून पाट्या ओढत. मुरूम संपून काळा खडक लागला, तेव्हा गावाने हसून घेतलं. मग एक दिवस खडकाच्या फटीतून झरा फुटला आणि चतुराबाई चिखलातच बसून रडल्या.

पुढे एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली. ज्यांनी घागर बुडवू दिली नव्हती, त्यांच्याच घागरी माझ्या काठावर रांगेने लागल्या. वस्तीतलं कुणीतरी म्हणालं, "का म्हून द्यायचं यांला?"

चतुराबाई पोहरा सोडत म्हणाल्या, "तहानलेल्याला न्हाई म्हनायचं नसतं, बाबा."

त्या दिवशी माझी छाती फुगली. आडाला छाती असते का, हे विचारू नका.

आश्रुबा गेले. वस्तीत नळ आला, तरी चतुराबाईंनी माझा पोहरा सोडला नाही. माझ्या उशाशीच त्यांचा मुलगा जीवन याचं रान. त्याने तिथे ऊस लावला. कारखान्यात मळीपासून दारू गाळल्यावर उरलेलं काळं पाणी टँकरवाले शेतात फुकट सोडत. शेजारच्या गहिनीनाथचा ऊस त्यावर काळाभोर झालेला पाहून जीवनने स्वतःच टँकर अडवला. ड्रायव्हरला चहा पाजला, वर विनवणीही केली.

"फुकटचं खत हाय, आये. लई ताकद हाय त्यात!"

फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! ऊस खरंच माजला. पण जमिनीला पचलं तेवढंच तिने ठेवलं, बाकीचं माझ्याकडे झिरपलं. पाणी आधी पिवळसर झालं, मग चहासारखं. बेडूक पोट वर करून तरंगले. आश्रुबांना ज्या फटीत झरा लागला होता, त्याच फटीतून आता विष येत होतं. मी तोंड कुठे फिरवणार?

जीवनची बायको पंचशीला अंगणवाडीत सेविका. तिने पाणी तपासून आणलं. "आत्याबाई, हे पानी प्यायचं ऱ्हायलं न्हाई. पाया पडते, नळाचं प्या."

चतुराबाई भडकल्या. "तुज्या सासऱ्यानं खडक फोडून आनलेलं पानी हाय हे. ते मला दगा दील व्हय?"

पंचशीलाने पोहरा लपवला. मग सगळे रानात गेले की चतुराबाई जुन्या लुगड्याच्या टोकाला तांब्या बांधून यायच्या. नाकाला पदर लावायच्या आणि प्यायच्या. मला ओरडावंसं वाटे. पण पाण्यावर तांब्या आपटला की होतो तेवढाच माझा आवाज, आणि तो ऐकून त्या हसायच्या. त्यांना वाटे, आड आपल्याला बोलावतोय.

उलट्या, जुलाब, मग बीडचा दवाखाना. डॉक्टरांनी वयाचं नाव घेतलं, पाण्याचंही घेतलं. चतुराबाई घरी आल्या त्या चादरीत गुंडाळलेल्या.

जीवनने ही जाळी स्वतःच्या हाताने बसवली. काठावर डोकं टेकून म्हणाला, "आये, टँकर मीच बोलावला गं." पुढच्या खेपेला तो टँकरपुढे आडवा उभा राहिला. ड्रायव्हरने शांतपणे गाडी दुसऱ्याच्या रानात वळवली. तिथेही कुणीतरी चहा ठेवला होता.

मित्रांनो, जमीन काही गिळून टाकत नाही. वर ओताल ते खाली कुणाच्या तरी तांब्यात येतंच. तेव्हा फुकट मिळालं म्हणून काहीही रानात घेऊ नका आणि ओतणाऱ्याला आधी विचारा, हे जाणार कुठे?

आणि उन्हाने जीव कासावीस झाला, तरी माझ्याकडे येऊ नका. तहानलेल्याला नाही म्हणायचं नसतं, हे मी चतुराबाईंकडून शिकलो. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. तुम्हाला म्हणतो. मागे फिरा.