आधी ज्याचा डबा

हसू नका हं मित्रांनो! मला पेडल आहेत म्हणून मी काही सायकल नव्हे. मी लुना आहे, जुनी असले तरी लुनाच. दौंडच्या एका रेल्वेवाल्याने मला आधी वापरले आणि मग मांडवगण फराटा गावच्या बाळासोला विकले.

भुईमूग भरात आला की नदीकाठच्या झाडीतून रानडुकरे येत. मळेकऱ्यांनी बाळासोला राखणीला ठेवले. बांध हा एवढा लांब आणि आम्ही दोघेच! डुकरे कुठून घुसतील हे आधी कोणाला कळणार? म्हणून सर्वांनी ठरवले, डुक्कर दिसले की डबा वाजवायचा. ज्याचा डबा आधी वाजेल त्याच्याकडे लुना आधी जाईल. मी फटफट करत धावायचे आणि डुकरे पळत सुटायची. "लुना न्हाई, वाघीण हाय ही!" असे लोक म्हणत. मला कोण अभिमान वाटे!

पण माणसेच ती! आधी वाजवला तर लुना आधी येते, हे कळल्यावर जो तो डुकरे येण्याआधीच डबा बडवू लागला. फक्त बांधाच्या पार टोकाला आपला मळा राखणारी बाळासोची आई, सिंधूबाई, उगाच कधी वाजवत नसे. "पोराला खोटं कशाला पळवायचं?" म्हणायची.

एकदा दिवस मावळताना बांधाच्या अलीकडच्या टोकाला मळेकरी पोपटरावांचा डबा वाजला. आम्ही निघालो तोच मागून सिंधूबाईचा वाजला. बाळासो थबकला. "आईचा हाय," तो पुटपुटला. पण आपल्या आईकडे आधी गेला असे लोक म्हणतील, म्हणून त्याने मला पोपटरावांकडेच दामटले.

"आबा, कुठं हायती डुकरं?"

"आजून न्हाई आली रं. येत्याल म्हणून वाजवला."

बाळासोने मला गर्रकन वळवले. मी जीव तोडून धावले, मित्रांनो, पण माझा जीव तो केवढा! सिंधूबाई काठी घेऊन एकटीच कळपाला आडवी गेली होती. डुकराने तिची मांडी फाडली होती. बाळासोने तिचे डोके आपल्या मांडीवर घेतले. "आलास व्हय?" एवढेच ती बोलली. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

पोपटराव सरणापाशी ढसाढसा रडले. पण रडून काय होते?

तेव्हापासून मी गोठ्यात उभी आहे. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात. बाळासो रोज येतो, हँडलवर हात ठेवतो आणि म्हणतो, "आधी आईकडं जायाला पायजे हुतं."

मित्रांनो, मला पुसू नका, तेलपाणीही करू नका. मला आता कुठे जायचे नाही. पण कधी मांडवगणला आलात, तर बाळासोला एवढे सांगा, की बाबा रे, तुझे चुकले नाही, खोटा डबा वाजवणाऱ्यांचे चुकले. मी रोज सांगते हो. त्याला ऐकू येत नाही.