पाटीखालचा नळ

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, दाराशेजारच्या बेसिनवर मला बसवलेलं आहे. माझी हकिगत गोड नाही आणि मी ती गोड करून सांगणारही नाही. मला राग आलेला आहे. मोठी माणसं नळाचं ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी पितळेचा. मला साच्यात ओतलं, घासलं, वर चकचकीत मुलामा दिला आणि डोक्यावर चांगली वीतभर लांब दांडी बसवली. घरच्या नळाची चावी बोटांनी फिरवतात. माझी दांडी मात्र कोपराने ढकलायची असते, म्हणजे धुतलेला हात पुन्हा मळकट नळाला लागत नाही. संगमेश्वरच्या खड्ड्यांतून ट्रकमध्ये आदळत आपटत मी इथे आलो. लवू प्लंबरने मला पान्याने आवळलं, कोपराने ढकलून बघितलं आणि म्हणाला, "मोठा मानूस हाय ह्यो! ह्याला हात लावायचा नाय." मी असा फुगलो म्हणता!

काही दिवसांनी जाकीमिऱ्याची गुणवंती वॉर्डात सफाईच्या कामाला लागली. पहिल्याच सकाळी नेत्रा सिस्टरने तिला माझ्यापुढे आणून उभं केलं. सिस्टर तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे.

"बांगड्या वर सार. अंगठी काढ. घे साबण. अगं, नुसते तळवे चोळून भागत नाही. बोटांच्या बेचक्यात चोळ, अंगठा चोळ, नखं चोळ, मनगटापर्यंत जा. हातमोजे घातले होतेस तरी काढल्यावर हात धुवायचे. आणि संडासाचे मोजे घालून दुसऱ्या कशालाही शिवायचं नाही."

"हात सोलटून निघतील गो बाय," गुणवंती म्हणाली.

"घरी गेलीस की खोबरेल लाव. इथे धू."

गुणवंतीचा जन्म मासे साफ करण्यात गेलेला. कामाचा तिला कंटाळा नव्हता. ती पक्की शिकली. एक काम झालं की माझ्याकडे, दुसरं झालं की पुन्हा माझ्याकडे. जाता जाता फडक्याने मलाही पुसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग महिपतने घोळ घातला. हा आमचा वॉर्डबॉय. एकदा घाईत त्याने संडासाचं फडकं माझ्या बेसिनमध्ये पिळलं. केवढी घाण! त्याला चार शब्द सुनावायला हवे होते, हे मीही म्हणतो. पण सफाईच्या ठेकेदाराचा सुपरवायझर दीपक आला आणि त्याने माझ्या डोक्यावर पाटी ठोकली. 'फक्त डॉक्टर व नर्स यांच्यासाठी. सफाई कामगारांनी वापरू नये.' त्यांनी हात धुवायचे ते मागे पंपाच्या खोलीजवळ. तिथे साबण नाही आणि पाण्याचा भरवसा नाही. अरे मेल्या, चुकलं ते फडकं पिळणाऱ्याचं आणि पाणी तोडलंस धुणाऱ्यांचं? नेत्रा सिस्टर भांडली, तर तिची बदली समोरच्या आजारी बाळांच्या खोलीत झाली.

आणि ज्यांच्यासाठी मला राखून ठेवलं त्यांचं काय? डॉक्टर कानाला फोन लावून माझ्यासमोरून या खाटेवरून त्या खाटेकडे जायचे. लक्षात आलं तर धुवायचे. कधी कधी दुपारपर्यंत माझं बेसिन कोरडं ठणठणीत असायचं. सांगा, तिडीक जाईल की नाही डोक्यात?

दीपकने सफाईच्या बायकांना लाल रबरी मोजे आणून दिले. "हे घातले की झालं. हात धुवायची कटकटच नको," असं वर सांगितलं. झालं! गुणवंती त्याच मोज्यांनी संडास घासायची, त्यांनीच दाराची कडी लावायची, खाटा सरकवायची, पाण्याचे तांबे उचलायची. मोजे मळले की फिनेलच्या बादलीत बुचकळायची. तिचे हात आत छान राहायचे आणि बाहेरची सगळी घाण वॉर्डभर फिरायची. अडवायला नेत्रा सिस्टर आता वॉर्डात नव्हती, दुसऱ्या कोणी अडवलं नाही.

बाळंतिणी मात्र अडवायच्या. गुणवंतीने बाळाचं टोपडं उचलून दिलं तर, "अहो, तुमचा हात नको," म्हणायच्या. दीपक तर उठता बसता ऐकवायचा. होता होता ती बाई स्वतःच्या तळव्यांकडे परक्यासारखी बघू लागली. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे.

यंदा तिची सून सानिका याच वॉर्डात बाळंत झाली. पोट फाडून मुलगी काढावी लागली. खाट दाराजवळच मिळाली, अगदी माझ्यासमोर. गुणवंतीने वॉर्डभर पेढे वाटले, तेही मोजे घालूनच.

दुसऱ्या दिवशी ती संडास धूत असताना नात रडायला लागली. सानिकाला टाक्यांमुळे उठवेना. "आई, जरा घेता का तिला?" तिने हाक मारली. गुणवंती धावत बाहेर आली. धावता धावता मोजे काढले, बाळावर वाकली आणि थांबली. उघड्या हातांकडे बघितलं. मग पुन्हा मोजे चढवले, फिनेलमध्ये बुचकळले, पदराला पुसले.

"काय करताय आई?"

"माजे हात नको गो लागायला तिला. संडास धुनारीचे हात ते."

आणि त्या मोज्यांनी तिने नातीला उचललं. ओलं दुपटं बदललं. नाळेचा तुकडा नीट आहे ना, तेही चाचपून बघितलं. मी इकडे तडफडत होतो. अगं बाई, ये ना इकडे! मार कोपर मला, आहे माझ्याकडे पाणी! पण नळाला कुठली आलीय वाचा? पोर रडली की ती यायची आणि दर वेळी तेच करायची. इतक्या मायेने चाललेली इतकी भयंकर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

मग पोरीने दूध ओढायचं सोडलं. अंग तापलं. बेंबी लाल झाली, पू दिसला. तिला समोरच्या खोलीत काचेच्या पेटीत नेलं. नेत्रा सिस्टर तशीच वॉर्डात आली.

"बाळाला कोणी कोणी हात लावला?"

"मी मोज्यांशिवाय नाय लावला," गुणवंती म्हणाली. "देवाशपथ नाय. एकदापन नाय."

सिस्टरला ओरडायचं होतं, पण ओरडवेना. ती गुणवंतीच्या शेजारी खाली बसली. "अगं, मोजे तुझ्या हातांना घाण लागू नये म्हणून असतात. त्यांच्यावरची घाण बाळाला लागणारच ना?"

गुणवंतीने भिंतीवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. डॉक्टर म्हणाले, कोणाच्या हातून लागलं ते सांगता येणार नाही. बरोबरच बोलले. बाळाला तपासताना तेही माझ्याकडे फिरकले नव्हते. पण गुणवंतीने सगळं स्वतःच्या माथी घेतलं. ती काचेबाहेर उभी राहायची, हात पदराखाली लपवून. पोर जगते की जाते, कोणी सांगेना.

जगली. औषधं लागू पडली, ताप उतरला, पोर दूध पिऊ लागली. नेत्रा सिस्टर तिला घेऊन वॉर्डात आली आणि म्हणाली, "घे आजी."

"मी नाय घेनार. कदीच नाय."

सिस्टरने बाळ सानिकाजवळ दिलं, गुणवंतीचं मनगट धरलं आणि तिला ओढत माझ्यापुढे आणलं. तेवढ्यात दीपक आलाच. "बाई, वरची पाटी दिसत नाही?"

गुणवंतीने कधी कोणाला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. पण त्या दिवशी तिचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. "दिसते! तीच पाळली म्हनून माजी नात मरायला टेकली होती!"

तिने बांगड्या वर सारल्या आणि कोपराने मला असा दणका दिला की भिंत हादरली. मी सोडलं पाणी, होतं नव्हतं तेवढं सोडलं. बेचकी, अंगठे, नखं, मनगटं, सगळं तिने चोळचोळून धुतलं. फेस खाली गेला आणि तिचे हात वर आले, भेगाळलेले, लालसर, स्वच्छ. दीपक तिला बाजूला करायला पुढे झाला.

"लांब ऱ्हा," गुणवंती म्हणाली. "माजे हात धुतलेले हायत. तुजे?"

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, दवाखान्यात जो कोणी तुमची घाण उपसतो, त्याला साबण आणि पाणी सगळ्यात आधी द्या. ते देणार नसाल तर त्याच्या हातांना नावं ठेवायला तोंड उघडू नका. दीपक हात खिशात घालून निघून गेला. गुणवंतीने हात कोरडे केले, खाटेपाशी गेली आणि नातीला पहिल्यांदाच उघड्या हातांनी उचललं.