पट्ट्यावरची जाळी

खांडबाऱ्याच्या स्टेशनाजवळच्या कापसाच्या जीनमध्ये इद्रिस मिस्त्रीची बावीस वर्षं गेली. आसपासच्या गावांतला कापूस तिथे यायचा. ओळीने मांडलेल्या चाळीस यंत्रांवर बाया तो पसरायच्या, पुढून रुई निघायची आणि सरकी खाली पडायची. यंत्रांच्या खाली माणूस वाकून चालेल एवढी गल्ली होती. तिथून एक लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा जायचा. बावीस वर्षांत इद्रिसने त्या पट्ट्यांत चौघांची बोटं आणि एकाचा हात कोपरापर्यंत गेलेला पाहिला होता. दरवेळी तो यंत्र पुसायचा आणि पुन्हा चालू करायचा.

जीनच्या शेठने जुनं वाफेचं इंजिन मोडीत काढून तेलावर चालणारं नवं आणलं, तेव्हा ते शिकायला इद्रिसला दोन महिने सुरतेच्या एका गिरणीत पाठवलं. इंजिन तो पंधरा दिवसांतच शिकला. उरलेल्या दिवसांत त्याचं लक्ष भलतीकडेच लागलं. तिथे फिरणाऱ्या प्रत्येक पट्ट्याला लोखंडी जाळी होती. इंजिन सुरू करण्याआधी घंटा व्हायची. तेल घालायचं तर आधी यंत्र थांबवावं लागायचं.

"इथं कुणाचं बोट जात नाही का?" त्याने तिथल्या फिटरला विचारलं.

"जातं कधी कधी," फिटर म्हणाला. "पण मग का गेलं ते शोधून काढतात."

का गेलं हे शोधायचं असतं, हे इद्रिसला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यालाही सुचलं नव्हतं.

परत आल्यावर त्याने पावसाळाभर खपून सळया वाकवल्या, तार विणली आणि गल्लीतल्या एकूण एक पट्ट्याला जाळी केली. प्रत्येक जाळी चार बोल्टांनी आवळली. इंजिनघराच्या दाराशी पितळी घंटा टांगली. हंगाम सुरू झाला तेव्हा बाया हसल्या. पहिल्या ओळीतल्या यंत्रावर बसणारी हिरीबाई म्हणाली, "मिस्त्रीभाई, तुम्ही ते पट्टास्ले पिंजरामा कोंडी टाकं!"

हसली नाही ती सुसाना. ती आणि तिचा नवरा इसहाक नवापूरकडच्या डोंगरातले ख्रिस्ती. घरची भातशेती आटोपली की दोघं जीनमध्ये येत आणि मागच्या झोपड्यांत राहत. इसहाक रुईच्या गाठी रेल्वेच्या वॅगनमध्ये भरायचा. सुसाना गल्लीत उतरून सरकी ओढून बाहेर काढायची. तिने जाळीला हाताने धक्का देऊन पाहिला.

"हाई तार तुटनी ते?"

"मी नीट करस तवलोंग इंजिन बंद ऱ्हाई," इद्रिस म्हणाला.

तिने मान हलवली. मग रोज सकाळी खाली उतरताना ती एखाद्या जाळीला तसाच धक्का देऊन बघायची. त्या हंगामात जीनमध्ये कुणाचं नखसुद्धा गेलं नाही. इद्रिसने हे बोलून कुणाला दाखवलं नाही, पण शेवटच्या दिवशी बाया आपापल्या गावी निघाल्या तेव्हा तो फाटकाशी उभा राहून सगळ्यांचे हात बघत होता.

पुढच्या हंगामात मॅनेजर बदलला. कापूस अमाप आला होता आणि गाठी मुंबईच्या बोटीवर वेळेत पोचवायच्या होत्या. नवं इंजिन जोरात पळायचं, पट्टे मात्र जुनेच. ते सारखे घसरत. घसरलेला पट्टा चढवायचा म्हणजे चार बोल्ट सोडायचे, पुन्हा आवळायचे. दरवेळी पाव तास जायचा. नाताळ करून सुसाना आणि इसहाक परत आले त्याच आठवड्यात मॅनेजर पहिल्या ओळीपाशी येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, त्या जाळ्या काढ. आठ दिवसांपुरत्या."

"साहेब, पट्टे नवे मागवा. जाळीचा दोष नाही."

"पट्टे येतील तेव्हा येतील. तुला जमत नसेल तर हमालांना सांगतो. पहारीने उपटून काढतील."

हिरीबाई हाताभरावर बसली होती. तिने मान वर केली नाही.

नाही म्हणालो तर हा दुसरा मिस्त्री आणील, तो घंटाही वाजवणार नाही, असं इद्रिसने मनाशी म्हटलं. उपटल्या तर जाळ्या मोडतील, पुन्हा बसवता येणार नाहीत, असंही म्हटलं. त्या दुपारी त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या जाळ्या सोडल्या, प्रत्येकीचे बोल्ट चिंधीत बांधून तिलाच अडकवले आणि त्या कोठीत नीट रचून ठेवल्या.

मग तो सुसानाकडे गेला. "जाळी काढेल शे. इंजिन चालू शे तवलोंग खाले उतरू नको. मुकादमनी सांगं तरी नको."

"मंग सरकी कवय काढू?"

"मी इंजिन बंद करसू, तवय काढजो."

सहा दिवस त्याने दिवसातून चारदा इंजिन थांबवलं. सातव्या दिवशी मॅनेजरने बजावलं, की जेवणाच्या सुट्टीखेरीज इंजिन थांबता कामा नये. इद्रिसने ऐकलं, त्या सकाळी इंजिन एकदाही थांबवलं नाही. अकराच्या सुमारास शेवटच्या ओळीखाली सरकी इतकी साचली की यंत्रं गुदमरायला लागली. मुकादम ओरडला. सुसानाने एकदा इंजिनघराकडे पाहिलं, असं नंतर बाया सांगत होत्या. मग ती उतरली.

इद्रिसला आधी पट्ट्याचा आवाज बदललेला ऐकू आला. त्याने तेल तोडलं. पण त्या इंजिनाचं भलं मोठं चाक तेल तोडल्याबरोबर थांबत नसे. ते आपल्या वजनाने फिरतच राहिलं. बांबू घालून मुख्य पट्टा पाडेपर्यंत फार उशीर झाला होता. सुसानाच्या लुगड्याचा पदर पट्ट्यात गेला होता आणि पदरामागून ती.

जीव होता अजून. दवाखाना नंदुरबारला, गाडी चारला. चौघांनी तिला रुईच्या बोऱ्यावर घालून स्टेशनावर नेलं. इसहाक तिथेच होता, वॅगनमध्ये गाठी रचत. वरूनच त्याने पाहिलं, की जीनची माणसं काहीतरी उचलून आणत आहेत. खाली उतरेपर्यंत त्याला कळलं नव्हतं.

एक मालगाडी आली आणि न थांबता गेली. इसहाक सुसानाच्या कानाशी त्यांच्या बोलीत हळूहळू काही म्हणत होता, प्रार्थना असावी. तीनच्या आसपास तिचा श्वास थांबला, तसा तोही म्हणायचा थांबला.

इद्रिस त्याच्यासमोर खाली बसला. "इसहाक, जाळी मी काढी व्हती. मन्हाच हातनी."

इसहाकने त्याच्याकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं?"

"हा. माहीत व्हतं."

चारची गाडी आली. ज्यांना जायचं होतं ते तिच्यात चढले.

इद्रिस जीनवर परतला तेव्हा इंजिन चालू होतं. गल्ली धुऊन काढलेली होती आणि सगळ्या जाळ्या जागेवर बसलेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. मॅनेजर त्याला गल्लीत घेऊन गेला. "बघा साहेब, बंदोबस्त चोख आहे. बाईने स्वतःच बोल्ट सोडून हात घातला. अडाणी माणसं, सांगून ऐकत नाहीत." इन्स्पेक्टरने बायांना विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. हिरीबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माले काही ठाऊक नही, साहेब." तिचे हात कापसात तसेच चालू होते.

"साहेब," इद्रिस म्हणाला, "त्या दिवशी जाळ्या नव्हत्या. मी काढल्या होत्या. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं म्हणून."

मॅनेजर हसला. "मी? कुठे लिहून दिलंय?"

इन्स्पेक्टर म्हणाला, "मिस्त्री, जाळ्या तर मी आत्ताच पाहिल्या."

इद्रिसने त्याला पुन्हा गल्लीत नेऊन डोक्यावरची तुळई दाखवली. तिच्यावर रुईचा थर लोकरीसारखा साचला होता. दांड्याच्या बैठकीवरही तसाच थर होता. "आठ दिवसांत इथे प्रत्येक वस्तूवर एवढी रुई बसते, साहेब. आता जाळीवर बोट फिरवा."

इन्स्पेक्टरने बोट फिरवलं. तारेवर जेमतेम तीन दिवसांची रुई होती, आणि तिच्याखाली कोठीतली लाल माती. त्याने वहीत बराच वेळ लिहिलं. मॅनेजरचं हसू मावळलं.

मॅनेजरवर खटला उभा राहिला. त्याने वकील दिला. वकिलाने एवढंच दाखवलं, की जाळ्या मिस्त्रीने काढल्या हे मिस्त्री स्वतःच म्हणतो, आणि काढायचा हुकूम दिला हे त्याच्याशिवाय कुणीच म्हणत नाही. ज्याने खरोखर गुन्हा केला त्यालाच धरावं, अशी कायद्यात तरतूद होती. हिरीबाईला साक्षीला बोलावलं होतं. ती आली नाही. मॅनेजर सुटला. दंड इद्रिसला झाला, नोकरी गेली, आणि पुढे कुठल्याच जीनने त्याला दारात उभं केलं नाही. लोक म्हणाले, अपील कर. त्याने केलं नाही. हुकूम कुणाचाही असो, बोल्ट त्याने सोडले होते.

तो बायकोला, खातूनला, घेऊन खापर गावी गेला आणि तिथल्या बाजारात पाल टाकून कंदील, स्टोव्ह झाळून द्यायला लागला. दोन वर्षांनी एका बाजारच्या दिवशी हिरीबाई त्याच्या पालापुढे येऊन उभी राहिली. ती फार वाळली होती. तिच्या हातात दुरुस्तीचं काहीच नव्हतं.

"बस, हिरीबाई," तो म्हणाला.

ती बसली. "जाळ्या शेत अजून. तो इन्स्पेक्टर दर साले येस. पट्टा बी नवा लाया." मग म्हणाली, "मी ऐकं व्हतं, मिस्त्रीभाई. मॅनेजरनी सांगं ते सगळं. मी बोलनी नही."

"तुन्हा घरमा खानारी तोंडं शेत. माले माहीत शे."

"तसं म्हनू नका!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. शेजारचा बांगडीवाला वळून बघायला लागला. "काही तरी बोला माले. शिव्या द्या."

इद्रिसला शिव्या देता आल्या नाहीत. त्याने तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही. "इसहाक कोठे शे आते?" तिने विचारलं.

"तो परत उना नही. एकदाव मी त्यान्हा गावले गयथू. दारमा बसना व्हता. मन्हासंगे बोलना नही."

ऊन कलेपर्यंत ती तशीच बसून राहिली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. मग खांडबाऱ्याकडच्या बैलगाड्या जुंपायला लागल्या तशी ती उठली आणि गेली. त्या हंगामात तिने जीनमध्ये नाव घातलं नाही, असं पुढे कुणीतरी इद्रिसला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तिने काम सोडल्याने त्याला काही बरं वाटलं नाही.