एके तीन, दुणे एक

कुंदाबाईंच्या व्हरांड्यात दिवेलागणीला पाढे सुरू झाले की समोरचा इस्त्रीवाला आपलं घड्याळ लावून घ्यायचा. बाई होत्याच तशा. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. राइट टाउनमधल्या त्या घरी दरवर्षी पाचवीतली सात-आठ मुलं सतरंजीवर मांडी घालून बसत आणि निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत. परीक्षा फक्त गणिताची, जानेवारीत. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर पर्यायाचा गोल काळा करायचा. बसायची हजारो मुलं आणि जागा साठ. त्या साठांत दरवर्षी कुंदाबाईंचं एखादं तरी पोर असायचंच, आणि बाई ते कुणाला विसरू द्यायच्या नाहीत.

त्यांची रीत जुनी होती. उभं राहायचं, पायाने ठेका धरायचा आणि एके, दुणे, त्रिक करत दाहेपर्यंत खणखणीत म्हणायचं. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा अन् दीडचे पाढे. शहर हिंदी मुलखातलं; मुलं शाळेत हिंदीत गणित करत, घरी अर्धं हिंदीच बोलत, पण पाढा मात्र मराठीत. आईशी धड दोन वाक्यं मराठीत न बोलणारी पोरंही इथे "पाव चोक एक" असं ठसक्यात म्हणायची. कुणी बोटं मोजताना सापडलं की बाई वर्ग थांबवत.

"बोटं अन् पाढा भांडले तर?" त्या विचारत.

"पाढा खरा!" सगळी ओरडत.

"डोकं अन् पाढा भांडले तर?"

"पाढा खरा!"

या वर्षी सतरंजीवर त्यांचा नातू तनय होता, आणि बाईंना त्याचीच काळजी होती. पोरगा ढ नव्हता. घाबरट होता. सराव पेपर हातात पडला की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा, पेन्सिल निसटायची, येत असलेलं उडून जायचं. त्याचा बाप, म्हणजे बाईंचा मुलगा स्वप्निल, तीस वर्षांपूर्वी याच सतरंजीवर बसून याच परीक्षेत दोन मार्कांनी राहिला होता. ते दोन मार्क घरात कुणी तोंडाने काढत नसे. स्वप्निल आता कारखान्यात चांगल्या जागेवर होता, स्कूटर सोडून गाडी आली होती, तरी तनयच्या दप्तरातून सराव पेपर काढून बघताना त्याचा चेहरा असा व्हायचा की त्याची बायको दीपा उठून आत जायची.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना एक चांगली गोष्ट घडली. बाईंनी प्रश्न घातला होता: पोत्यात साडेसात किलो तांदूळ, तर पाव किलोच्या पुड्या किती? पावकी सगळ्यांच्या आधी तनयच विसरला. बाई रागवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आजी, एका किलोच्या चार. मग सात किलोच्या अठ्ठावीस. उरला अर्धा किलो, त्याच्या दोन. तीस."

हाताला घाम नव्हता. पेन्सिलही नीट धरलेली होती. बाईंना चष्मा पुसावा लागला. पोरगा विचार करत होता! पण बाई शेवटी बाई. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण पावकीने अर्ध्या वेळात झालं असतं. चल, म्हण."

तनयने पावकी म्हटली. त्या दिवशी आपण त्याला नुसतं शाबास म्हटलं असतं तर, हा विचार त्यांना पुढे फार छळणार होता.

त्यानंतर पाच दिवसांनी तनयचं गुणगुणणं सुरू झालं. आधी न्हाणीघरात, मग जेवताना, मग चपला घालताना. ओठ हलत, पायाचा ठेका चाले. बाईंना बरं वाटलं. पोर आपणहून पाढे म्हणतंय म्हटल्यावर कुठल्या मास्तरणीला वाईट वाटेल? शिवाय त्याची भीती गेलेली दिसत होती. तो नीट जेवत होता, झोपत होता. सराव पेपर मात्र सोडवायला मागत नव्हता. "कशाला आजी, येते ना मला," एवढंच म्हणायचा.

परीक्षेच्या दोन दिवस आधी बाई त्याला घेऊन बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेल्या. काळी बॉलपेनं घ्यायची होती, नवा स्वेटर घ्यायचा होता. परतताना ऑटोत तो त्यांना टेकून बसला, डोळे मिटले आणि गुणगुणू लागला. ऑटो सिग्नलला थांबली, इंजिन बंद झालं, आणि बाईंना शब्द ऐकू आले.

"एके तीन, दुणे एक, त्रिक चार, चोक चार, पाचा दोन..."

चाल त्यांचीच होती, ठेकाही त्यांचाच. पण हा पाढा कुठल्या आकड्याचा? एकपट तीन आणि दुप्पट एक? सगळं आयुष्य पाढ्यांत गेलेल्या बाईला तो आवाज घरात परका माणूस शिरल्यासारखा वाटला.

"हे काय म्हणून राहिलास रे?"

तनयने डोळे उघडले. "काही नाही."

"तनय."

"बाबांनी सांगितलं, आजीला नाही सांगायचं." मग अभिमान आवरेना म्हणून, "चार पाढे आहेत आजी. दहा-दहाचे. मला चारही येतात."

चार पाढे, दहा-दहाचे. चाळीस. बाईंनी ऑटोवाल्याला दोनदा चुकीची गल्ली सांगितली.

संध्याकाळी स्वप्निल कारखान्यातून आला, तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "कुठून आणलास तो पेपर?"

त्याने नाटक केलं नाही. "पेपर नाही, आई. फक्त उत्तरं आहेत, कितवा गोल काळा करायचा ते. ओळखीतल्या माणसाने दिली. अजून दहा-बारा घरांत गेली असतील."

"अन् तू पोराला पाढ्यासारखी पाठ करवली?"

"मग कशी करवू? मला दुसरी कुठली रीत येते?" तो हसला, आणि ते हसू बाईंना आवडलं नाही. "तूच शिकवलंस ना? चालीत घातलं की मरेपर्यंत जात नाही."

"अरे, पकडला गेला तर? अन् उत्तरं खोटी निघाली तर?"

"काहून खोटी निघतील?"

"म्हण बरं मला सगळी."

स्वप्निलने म्हटली. चाळिशी उलटलेला माणूस, दारात, हातात जेवणाचा डबा, आणि पाय नकळत ठेका धरतोय. तिसऱ्या पाढ्याच्या शेवटी आला, "साती तीन, आठी तीन, नव्वे तीन, दाहे तीन," आणि बाईंनी हात वर केला.

"ओळीने चार वेळा तीन? मी पस्तीस वर्षं पेपर काढले, स्वप्निल. पेपर काढणारा असं कधी करत नाही. हे कुणीतरी बसल्या बैठकीला मनाने लिहिलंय."

"तुझे पेपर शाळेचे होते. हा मोठा पेपर आहे."

"मी तनयला सांगते, विसर म्हणून."

"सांग," स्वप्निल म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सांग अन् मग त्याचे हात बघ. आई, आता कुठे तो घाबरून नाही राहिला. मी राहिलो होतो ना दोन मार्कांनी? मला तेव्हा कुणी काही दिलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. आता दोन दिवस गप्प राहा. बस."

आणि कुंदाबाई, ज्या कलेक्टरसमोर गप्प बसल्या नव्हत्या, त्या गप्प राहिल्या. खरं सांगायचं तर स्वप्निलच्या धाकाने नाही. मनाच्या तळाशी एक घाणेरडा हिशोब चालू होता: आणि खरी असली तर? साठांतली एक जागा, तनयचं नाव, त्या दोन मार्कांवर कायमची माती. या विचाराची त्यांना लाज वाटली, पण तो हाकलून लावावा इतकी नाही. दोन दिवस घरभर तो पाढा फिरत राहिला. देवासमोर समई लावताना त्यांच्या स्वतःच्याच ओठांवर "एके तीन" आलं, आणि हातातली काडी विझली.

परीक्षेच्या दिवशी धुकं इतकं होतं की केंद्राचं फाटक दहा पावलांवर आल्यावर दिसलं. दीपाने दहीसाखर हातावर दिली होती, स्वप्निल गाडी लावायला गेला होता. बाईंची दुसरी विद्यार्थिनी रुचिरा आपल्या आईचा हात सोडून आत पळाली. तनय शांत उभा होता. कोरडे हात, मिटलेले ओठ, आणि बुटाच्या टोकाने चाललेला तो ठेका.

त्या ठेक्याने बाईंचा धीर सुटला. त्या खाली वाकल्या, त्याचे खांदे धरले. "तनय, ऐक. बाबांनी दिलेलं ते विसर. सगळं विसर. तू तांदळाचं पोतं सोडवलंस ना, तसं सोडव. अडलं तर अडू दे. नाही मिळाली जागा तरी चालेल. ऐकतोस ना?"

"हो आजी."

"विसरलास?"

"हो आजी," तनय म्हणाला. घंटा झाली आणि तो धुक्यात गेला. स्वप्निल मागून आला आणि काय बोललीस म्हणून विचारू लागला, तेव्हा बाई रुचिराच्या आईजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

दोन तासांनी ऊन पडलं होतं. फाटकातून आधी रुचिरा आली, उड्या मारतच. "मॅडम, पहिलाच प्रश्न पोत्याचा! साडेनऊ किलो, अन् पाव किलोच्या पुड्या. अडतीस आले. दुसरा गोल!"

तिच्या मागून तनय आला. "माझेपण अडतीसच आले," तो म्हणाला.

पोत्याचा प्रश्न, आणि याने सोडवला! बाईंनी त्याला पोटाशी धरलं. दोन दिवसांचं सगळं पाप जणू कुणी पुसून टाकलं होतं. "शाबास रे माझ्या राजा. मग दुसरा गोल केलास ना?"

तनयने डोकं मागे घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. "नाही. तिसरा."

"तिसरा काहून?"

"मी विसरून राहिलो होतो, आजी. खरंच. पण तो पाढा आपोआप येऊन राहिला होता." तो समजावून सांगू लागला, मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसं. "मी दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा अडतीस. डोकं म्हणे दुसरा अन् पाढा म्हणे तिसरा. अन् दोघं भांडले तर..."

तो थांबला. सतरंजीवर उभ्या असलेल्या बाई नेहमी जिथे थांबतात, तिथेच थांबला. रुचिराने सवयीने वाक्य पुरं केलं. "पाढा खरा!"

स्वप्निल पलीकडे उभा होता. त्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं होतं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त तनयचा हात हातात घेतला. कोरडा होता.

"सगळे तसेच केलेस?" त्यांनी विचारलं. "चाळीसच्या चाळीस?"

"चाळीसच्या चाळीस," तनय म्हणाला, आणि शाबासकीसाठी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "एकदाही चुकलो नाही, आजी."