अंगणातली नऊ माणसं

सनातू अंगणात पाट्यावर भाजलेले दाणे वाटत होती आणि तिची मुलगी वुम्पिनी समोर बसून तिचे हात कागदावर उतरवत होती. वुम्पिनी तमाले शहरात चित्रकार होती. गावी आली की काम करणाऱ्या आईचं असंच चित्र काढायची.

"सारखे हातच काय काढतेस? तोंड काय वाईट आहे माझं?"

"तोंड स्वस्थ बसत नाही तुझं, म्हणून."

सनातू खळखळून हसली. ते हसणं कुंपणापलीकडे ऐकू गेलं. तिथे तिचा दीर इद्दी राहत होता. चार दिवसांपूर्वी त्याचा सहा वर्षांचा नातू मेंदूज्वराने दगावला होता. उन्हाळ्यात हा ताप दरवर्षी येतो. लस मात्र गावात पोचलीच नव्हती. त्याचा जाब कोणी विचारला नाही. इद्दीला स्वप्न पडलं की, सनातू पोराच्या छातीवर बसली आहे. म्हाताऱ्या विधवेविरुद्ध एवढी साक्ष गावाला पुरते.

नऊ जण आले. इद्दीने कोंबडीची मान कापून ती अंगणात सोडली. उताणी पडली तर बाई निर्दोष, पालथी पडली तर चेटकीण. ती पालथी पडली.

"कबूल कर," इद्दी म्हणाला.

"काय कबूल करू, भाऊजी? पोर तापलं तेव्हा तीन दिवस मीच त्याला मांडीवर घेऊन बसले होते."

"ऐकलंत? तीन दिवस."

पहिला दगड सनातूच्या कानशिलावर बसला. ती पाट्यावर कोसळली. कोणीतरी मुसळ उचललं. वुम्पिनी आईवर आडवी पडली, तसं मुसळ तिच्या उजव्या मनगटावर आलं. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. केस धरून तिला बाजूला फेकलं. दारात त्या नवांतलाच एक, तिचा धाकटा भाऊ नेइंदो, कुदळीचा दांडा घेऊन उभा होता.

"नेइंदो, आई आहे रे ती."

"चेटकिणीचा मुलगा आहेस की आमचा, ते आत्ता ठरव," इद्दी म्हणाला.

नेइंदोने डोळे मिटले आणि दांडा घातला. एकदा नव्हे, तीनदा.

तमालेच्या वाटेवर, टेम्पोत, सनातूने प्राण सोडला.

पोलीस आले. गावात साठ घरं. एकाही घरातून कोणी काही पाहिलं नव्हतं. राहिली वुम्पिनीची जबानी. दुःखात भान सुटलेल्या मुलीचं बोलणं म्हणून ती बाजूला पडली.

तिच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. ती डाव्या हाताने काढू लागली. रेषा वाकड्या यायच्या, कागद फाटायचे. शेवटी तिने वाकड्या रेषा तशाच राहू दिल्या. त्या नऊ जणांची नऊ चित्रं झाली, पुरुषभर उंचीची. प्रत्येकाच्या हातात त्या दिवशी जे होतं ते. तमालेच्या एका जुन्या गोदामात तिने ती लावली. बाजारातल्या बाया येऊन माणसं ओळखू लागल्या.

चौथ्या दिवशी नेइंदो आला.

"ताई, माझं काढून टाक. माझ्या मुली शाळेत जातात. मला धमकावलं होतं, तू ऐकलंस."

"ऐकलं. म्हणून तर तुझे डोळे मिटलेले काढलेत."

"भाऊ आहे मी तुझा."

"आईचा मुलगाही होतास."

तो चिडला. "आणि तू? लहानपणी लामिसी म्हातारीला चेटकीण म्हणून गावाबाहेर हाकललं तेव्हा दगड मारत आपण दोघंही धावलो होतो. आई दारात उभी होती. तिने हटकलं आपल्याला?"

 तो गेला. तिने गोदाम आठवडाभर बंद ठेवून दहावं चित्र काढलं: हातात दगड घेतलेली नऊ वर्षांची मुलगी, मागे दारात तोंड फिरवून उभी असलेली सनातू. ते तिने सगळ्यांच्या आधी, दाराशीच लावलं.

ते लागल्यावर इद्दीची सून अयिशेतू आली, मेलेल्या मुलाची आई. ती त्याच चित्रापाशी थांबली.

"ही मुलगी कोण?"

"मी."

अयिशेतूने चित्रातल्या सनातूकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझं पोर सनातूकाकूंच्या मांडीवर शांत झोपायचं. त्या दिवशी मी कुंपणाआडून सगळं पाहिलं. कोणी किती मारलं, तेही."

"सासरे घरात घेणार नाहीत तुला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पोलीस चौकी कुठल्या बाजूला आहे?"