पस्तिसावी पायरी

"किती आल्या?"

बारवेच्या तोंडाशी, लिंबाच्या सावलीत बसलेल्या म्हातारीनं विचारलं तेव्हा सुगत नुकताच वर पोचला होता आणि त्याला धाप लागली होती.

"खाली जाताना चौतीस," तो म्हणाला. "वर येताना पस्तीस."

"मंग परत मोजा," म्हातारी म्हणाली आणि तुरकाट्यांचा खराटा बांधायला लागली.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण सुगत मीटर रीडर होता. एकोणीस वर्षं तो बोरी आणि आसपासच्या गावांत विजेच्या मीटरचे आकडे टिपत फिरत होता. त्याच्या आकड्यावरून कुणी भांडायला आलंच, तर हा काही बोलायचा नाही, नुसतं मीटरकडं बोट दाखवायचा. मग भांडणारा चष्मा लावून बघायचा आणि खाली मान घालून चहा टाकायला सांगायचा. अशा माणसाला एका पायरीनं चकवावं, हे त्याला पटेना.

त्याच्या खिशात खडूचा तुकडा असायचा. आता रीडिंग मोबाइलवर घेतात, पण मीटरशेजारी भिंतीवर तारीख आणि आकडा लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो खडू घेऊन तो पुन्हा उतरला. पहिल्या पायरीवर एक, दुसरीवर दोन, असं लिहीत लिहीत तळाशी पोचला. चौतीस. समोर हिरवं पाणी, त्यावर लिंबाची पिवळी पानं, दोन्ही बाजूंना रिकामे कोनाडे. फेब्रुवारीतली भर दुपार होती, पण खाली गार होतं.

तो वळला आणि आकडे वाचत चढायला लागला. चौतीस, तेहतीस, बत्तीस. बावीसपर्यंत सगळं ठीक होतं. त्याच्या पुढच्या पायरीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

ती पायरी ओली होती. वरच्या उन्हात बाकीचे दगड तापून कोरडे ठणठणीत झाले होते, आणि ही एकच पायरी आत्ताच कुणी ओल्या पायानं उभं राहून गेल्यासारखी ओली. सुगत तिच्यावर उभा राहिला तसा खालून आवाज आला. एक पाय नीट पडत होता आणि दुसऱ्या पायाची चप्पल दगडावर घासत येत होती. हा थांबला की तो आवाजही थांबायचा. एकोणीस वर्षांत गावोगावच्या कुत्र्यांनी सुगतला एक गोष्ट चांगली शिकवली होती, की पळायचं नाही आणि मागं बघायचं नाही. त्यानं पुढचं पाऊल टाकलं. त्या पायरीवर एकवीस लिहिलेलं होतं.

वर येऊन त्यानं खाली पाहिलं. एकवीसला लागून बावीस होती. मधे काही नव्हतं.

"तुमच्या मागं कोन व्हतं?" म्हातारीनं विचारलं. तिचं नाव बायनाबाई. शेजारचं शेत तिचंच होतं.

"कुणी न्हाई."

"आसंल. पाय वडीत चालल्यावानी वाटलं मला." तिनं खराट्याची गाठ दातानं आवळली. "आमच्यात नवी जोडी हितं उतरायची. उतरताना नवरीनं मोजायचं, चढताना नवऱ्यानं. वर येऊन खरं सांगायचं. आकडा जुळला तर घरला जायाचं, न्हाई जुळला तर परत उतरायचं. जुळंस्तवर. तुमी तर एकटेच मोजायलाव, तुमचं कसं जुळावं?"

आता बेचाळीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस भर उन्हात बारव कशाला मोजत होता, हे सांगितलं पाहिजे. त्याला लग्नाचं विचारायचं होतं. बोरीच्या दवाखान्यातल्या नर्स बबिता यांना. तीन वर्षं तो दर महिन्याला त्यांच्या क्वार्टरचं मीटर बघायला जायचा, चहा प्यायचा आणि 'येतो सिस्टर' म्हणून निघायचा. जिला सिस्टर म्हणतो तिलाच लग्नाचं कसं विचारायचं, यातच तीन वर्षं गेली. विधवा बाई, मूलबाळ नाही. घरात फ्रिज नाही, टीव्ही नाही, तरी युनिट जास्त यायचे. घरातला एक दिवा रात्रभर जळतो, हे त्यानं आकड्यावरून पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. मात्र त्याबद्दल विचारलं नव्हतं.

आणि आता त्यांची गंगाखेडकडं बदली झाली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. आता नाही विचारलं तर पुढच्या महिन्यापासून त्या मीटरचे आकडे दुसराच कुणी टिपणार होता, आणि सुगतला तो विचारच सहन होत नव्हता.

मग भाची सृष्टीनं त्याला शहाणं केलं. "मामा, असलं काही मीटरखाली उभं राहून विचारत नसतेत. जागा लागती. जुनी, ऐतिहासिक. बाईला आयुष्यभर आठवली पाह्यजे." मामा निघाला जागा शोधायला. आधी चारठाण्याची देवळं बघितली. जागा देखणी होती, पण तिथं एका गृहस्थानं "ओ रीडिंगवाले!" म्हणून हाक मारली आणि अर्धा तास आपल्या मीटरचं गाऱ्हाणं ऐकवलं. प्रेमाचं बोलायला ती जागा धोक्याची होती. मग त्याला आजोबांची बारव आठवली.

आजोबांची म्हणजे त्यांच्या मालकीची नव्हे. उलट, त्याचे आजोबा सिताराम याच लिंबाखाली रिकामी घागर घेऊन उभे राहायचे, कुणी वरच्या जातीचा येऊन वरून पाणी ओतेल याची वाट बघत. पायरीला पाय लावायची त्यांना मुभा नव्हती. ही बारव किती खोल आहे हे आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही. म्हणून नातवाच्या मनात आलं, की आयुष्यातलं सगळ्यात मोठं विचारायचं तर तिथंच, अगदी तळाच्या पायरीवर.

पण शुक्रवारी पायऱ्या मोजताना जे झालं त्यानंतर त्यानं ती जागा मनातून काढून टाकली. शनिवारी बबिताबाईंना फोन केला.

"सिस्टर, उद्या चारठाण्याची देवळं बघू. वाटंत एक बारव हाय, पण तिकडं नको. पायऱ्या निसरड्या हायेत."



"लिंबाखालची का?" त्यांनी विचारलं.

"तुमी बघितली?"

"तिथंच जाऊ," बबिताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी चार वाजता दोघं पोचले. बायनाबाई खराटे बांधत बसलीच होती. तिनं मान वर केली.

"आल्या का बाई? लय वर्सांनी. अन् तुमचं माणूस? ते पाय वडीत चालायचं ते?"

"ते गेले, मावशी. सहा वर्षं झाली."

सुगतनं बारवेच्या पायऱ्यांकडं पाहिलं. बबिताबाईंच्या नवऱ्याचा, धम्मानंदचा फोटो त्यानं दर महिन्याला बघितला होता. भिंतीवर, हार घातलेला, छातीपर्यंतचा. फोटोत माणसाची चाल दिसत नाही.

बबिताबाई लिंबाच्या पारावर बसल्या. बोलताना त्या सुगतकडं बघत नव्हत्या.

"डावा पाय पोलिओनं बारीक झालता त्यांचा. त्यांचे आजोबा इथंच घागर घिऊन उभे राह्यचे. म्हणून लग्नाचं विचारायला त्यांनी मला इथं आणलं. तळाला नेलं. येताना या मावशी म्हणल्या, गमतीनं, मोजा. माझ्या चौतीस आल्या. त्यांच्या पस्तीस."

"मंग?"

"मंग परत उतरावं लागलं असतं. त्यांचा पाय ठणकायलता, तोंडावर दिसायलतं. मी म्हणाले, माझ्याबी पस्तीसच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पाच वर्षं संसार झाला. शेवटच्या दिवशी तापात मला विचारायले, 'खरं सांग, किती आल्या होत्या?' मी नर्स. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं ते मला ठाऊक. पस्तीसच म्हणाले. अन् त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्यांना माहीत होतं. मला वाटतं, मी खोटी सांगितली ना, त्याच पायरीवर ते थांबलेत. घरी यायला वाट दिसावी म्हणून मी रात्रभर..."

"दिवा ठिवता," सुगत म्हणाला. "मला माहीत हाय. युनिटवरून."

बबिताबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. मग त्या उठल्या आणि बारवेकडं चालायला लागल्या.

त्या खडूचे आकडे बघत मोजत उतरल्या. सुगत मागं होता. तळाच्या पायरीवर, हिरव्या पाण्यापाशी, तीन वर्षं घोकलेलं सगळं भाषण तो विसरला.

"बबिता," तो म्हणाला. हे नाव त्यानं पहिल्यांदाच तोंडानं उच्चारलं होतं. कोनाड्यांतून ते परत ऐकू आलं, आणि परत आलेला आवाज आपला नाही असं त्याला स्पष्ट वाटलं. तरी तो बोलला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"वर गेल्यावर सांगते."

चढताना तो मोजत होता. बावीसच्या पुढची पायरी कोरी होती आणि ओली होती. पुढं चालणारी बबिता मात्र बावीसवरून सरळ एकवीसवर गेली. तिला ती दिसलीच नाही. मागून चप्पल घासत येत होती. सुगत कोऱ्या पायरीवर पाय ठेवून वर गेला.

"माझ्या चौतीस," वर आल्यावर ती म्हणाली. "तुमच्या?"

एक आकडा. फक्त एक कमी सांगायचा होता. चौतीस म्हणाला असता तर आकडा जुळला असता, ती हो म्हणाली असती आणि दिवस मावळायच्या आत ही जागा मागं पडली असती. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. चौतीस ऐकायला तिचा जीव आसुसला होता, हे त्याला दिसत होतं. त्याला स्वतःला तर ते म्हणावंसं फारच वाटत होतं. तिच्यासाठी खोटं बोलावं इतकं प्रेम त्याचं तिच्यावर होतं. पण असंच प्रेम करून कुणीतरी एकदा खोटा आकडा सांगितला होता.

"पस्तीस," सुगत म्हणाला.

बबिता मटकन खाली बसली. बायनाबाईचा खराटासुद्धा थांबला.

"न्हाई जुळलं," शेवटी बबिता म्हणाली. "परत उतरावं लागंल."

"उतरू की."

"तुमाला भ्या वाटत न्हाई?"

"लय वाटायलंय," तो म्हणाला.

या खेपेला ती मागं राहिली नाही आणि पुढंही गेली नाही. दोघं शेजारी शेजारी उतरले, तळाच्या पाण्याला हात लावला, वळले आणि आता दोघंही मोजत चढायला लागले. ऊन वर सरकलं होतं, आत सावली दाटली होती. तीस. पंचवीस. बावीस.

बबिताचा पाय पुढच्या पायरीवर पडला आणि ती थांबली. तिनं खाली पाहिलं. कोरा, ओला दगड तिलाही दिसला. तरी तिनं पाय काढला नाही. खालून तो आवाज येत होता, एक पाऊल टेकवत, एक ओढत, दमून, मधे विसावा घेत. तिनं सुगतचा दंड धरला, त्याला भिंतीकडं सरकवलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली. हळू चढणाऱ्या माणसाला जिन्यात जागा देतात तशी तिनं मधे जागा केली.

"चौतीस आल्या होत्या हो मला," ती पाण्याकडं तोंड करून म्हणाली. "तुमचा पाय दुखायलता म्हणून खोटं बोलले. आता मोजलीय तुमची पायरी. चला आता."

आवाज जवळ आला. दोघांच्या मधून ओल्या कपड्यांचा गारवा गेला. चप्पल घासत एकवीसवर चढली, विसावर चढली आणि वर उन्हाकडं निघून गेली. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. मग दोघंही चढायला लागले.

"किती आल्या?" बायनाबाईनं विचारलं.

"पस्तीस," दोघं एकदमच म्हणाले.

"जुळल्या बाई," म्हातारी म्हणाली आणि नवा खराटा बांधायला घेतला.

बबितानं डोळे पुसले. "हो," ती सुगतला म्हणाली. "पस्तीस म्हणालाव म्हणून हो म्हणायले. चौतीस म्हणाला असताव तर माझ्यासारखंच खोटं बोलताव हे कळलं असतं, एकटीच गेले असते गंगाखेडला."

सुगतला आनंदानं काही सुचेना. त्यानं उगाच मोटारसायकलचा आरसा पुसला, किक मारली आणि ती बसायची वाट बघत थांबला. ती बसली. तिचा हात खांद्यावर येईल म्हणून त्यानं खांदा जरा सैल सोडला होता, पण हात आला नाही. त्यानं आरशात पाहिलं. बबिता सीटच्या अगदी मागच्या टोकाला, कॅरियर धरून बसली होती. दोघांच्या मधे तिनं एका माणसाची जागा सोडली होती.

त्यानं गाडी हळूच काढली. जिंतूरच्या रस्त्याला लागण्याआधीच्या गतिरोधकावर मागचं चाक तिघं बसल्यासारखं दबलं. मधल्याच्या पायाला हिसका बसू नये म्हणून सुगतनं गाडी आणखी हळू घेतली.